सेकंडहँड गाडी, अर्थात सिलॅबसबाहेरचा प्रश्न

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांच्या लेखी आपण दोन गोष्टींचे तज्ज्ञ होतो: घरातला बिघडलेला मिक्सर आणि बाजारातली सेकंडहँड गाडी. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग बघू, दीड-दोन लाखात कुठली गाडी घ्यावी?" आता मंडळी, ऑटो सायकलची पी-व्ही डायग्राम आपण झोपेतसुद्धा काढू, पण ह्या प्रश्नाचं दहा मार्कांचं उत्तर कुणालाच येत नाही. आय.सी. इंजिन्सच्या पुस्तकात 'दाराच्या पत्र्याला लांबी भरली आहे का हे कसे ओळखावे' असा चॅप्टर नाही.

माझ्यावर हा पेपर २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आला. आमच्या अप्पांना, म्हणजे आजोबांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सांगलीला न्यावं लागतं. गावापासून पंचवीस किलोमीटर. जाताना एसटी चालते, पण येताना त्यांना धड उभं राहवत नाही. म्हणून भाड्याची गाडी, थांबण्यासकट बाराशे रुपये खेप. वर्षाचा हिशोब केला तर सव्वा लाख होतात! बाबा आणि काका मिळून दोन लाखांच्या वर जाऊ शकत नव्हते. आणि घेतलेली गाडी ऐन वेळी बंद पडून चालणार नव्हतं. डायलिसिसला एटीकेटी नसते.

लोक सुरुवातच "मॉडेल कुठलं?" आणि "ॲव्हरेज किती देते?" इथून करतात. मला वाटतं आधी कागदावर लिहावं की गाडीला काम काय आहे. आमचं काम असं: एका अशक्त माणसाने स्वतःच्या पायाने गाडीत बसायचं आणि उतरायचं, मागे घडीची व्हीलचेअर मावली पाहिजे, आणि वर्षाचं रनिंग फार तर सहा हजार किलोमीटर. एवढं लिहिल्यावर अर्धी यादी आपोआप कटली. सेडान दिसायला झकास, पण सीट खाली असते, अप्पांना गुडघे मुडपून आत 'उतरावं' लागतं. वॅगनआर, जुनी सँट्रो असल्या उंच गाड्यांची सीट कमरेच्या पातळीला येते, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे.

डिझेलचंही तसंच. काकांचा डिझेलवर फार जीव. मी पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरून हिशोब मांडला. सहा हजार किलोमीटरला पेट्रोल गाडी १५ च्या ॲव्हरेजने ४०० लिटर पिते, म्हणजे ४१,६०० रुपये. डिझेल गाडी १९ च्या ॲव्हरेजने ३१६ लिटर, म्हणजे २८,७०० च्या आसपास. वर्षाची बचत तेरा हजारांच्या आत. जुन्या कॉमन रेल डिझेलचा एखादा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की ही बचत तिथेच जिरते. रनिंग वर्षाला वीस हजारांचं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. सीएनजीत तर डिकीत सिलिंडर येतो, मग व्हीलचेअर ठेवायची कुठे? शिवाय किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे बघणं आलंच.

दुसरी गोष्ट बजेटची. खिशात दोन लाख आहेत म्हणून दोन लाखांची गाडी बघायची नाही. त्यातला पाचवा हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढायचा. जुन्या गाडीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत टायर, बॅटरी, ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, इन्शुरन्स आणि ट्रान्सफर हे सगळं अंगावर येतंच. आम्ही १ लाख ६० हजारांना २०१३ ची वॅगनआर घेतली आणि वर ३१ हजार घातले, त्यातले निम्म्याच्या आसपास चार टायर आणि बॅटरीत गेले.

२०१३ चीच का? खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर आपल्याकडे पर्यावरण कर आहे. म्हणजे २०११ ची गाडी तीस हजारांनी स्वस्त मिळाली तरी तिचा खर्च २०२६ मध्येच दारात उभा. सेफ्टीच्या दृष्टीने बघाल तर नवीन तेवढी चांगली: एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. ते आमच्या बजेटच्या बाहेर होतं, त्यामुळे काकांना साठच्या वर जायचं नाही असा घरातूनच स्पीड गव्हर्नर बसवला आहे.

मॉडेल ठरवताना एक प्रश्न गावातल्या मिस्त्रींना जरूर विचारावा: "ह्याचा पार्ट इथे मिळतो का?" शेवरलेची बीट बाजारात फार स्वस्त दिसते. ती स्वस्त का, तर कंपनीने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं. फोर्डनेही २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. गाड्या वाईट होत्या असं मुळीच नाही, उलट फोर्ड चालवणारे अजून हळहळतात. पण पुण्याहून पार्ट येईपर्यंत आठवडा गेला तर अप्पांच्या दोन खेपा बुडतात.

इंजिनचं एक सांगते, कारण हे आपल्याला वर्गात शिकवतात पण गाडी घेताना कुणी विचारत नाही. टायमिंग बेल्ट आहे की चेन? अल्टो ८०० आणि जुन्या सँट्रोच्या इंजिनात बेल्ट, २०१० नंतरच्या वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनात चेन. आय-टेनमध्ये तर १.१ लिटरला बेल्ट आणि १.२ कप्पाला चेन, बोनेट एकच! बेल्ट वाईट नसतो, पण तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा असतो आणि सेकंडहँड गाडीत तो कधी बदलला ह्याचं बिल कुणाकडेच नसतं. चालत्या गाडीत तुटला तर गाडी तिथेच उभी, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बिल नसेल तर तो बदलायचाच असं समजून तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण मॉडेल विकत घेत नसतो, त्या एका गाडीचा इतिहास विकत घेत असतो. बाजारात फिरलात तर कळेल, प्रत्येक गाडी 'सिंगल ओनर, डॉक्टरनी वापरलेली'. महाराष्ट्रात इतके डॉक्टर असते तर अप्पांना सांगलीला न्यावंच लागलं नसतं! किलोमीटरचा आकडा तर लॅपटॉप लावून मागे नेता येतो. त्यापेक्षा क्लच-ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली चकाकी आणि ड्रायव्हर सीटची बसलेली कड बघावी. चाळीस हजार किलोमीटरवाल्या गाडीचं पेडल गुळगुळीत कसं?

आमच्या भागात ह्याहून मोठी भीती म्हणजे पुरातली गाडी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. चिपळूणला २०२१ मध्ये तेच. अशा गाड्या धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून बाजारात येतात, आणि त्या गावातच विकल्या जातात असं नाही, लांबच्या शहरात जातात. म्हणून पुण्या-नाशिकच्या मित्रांनीही हे वाचावं.

एका एजंटकडे आम्हाला २०१६ ची गाडी दाखवली, पांढरीशुभ्र, १ लाख ७० हजार. काका खूश. एजंट सगळं काकांनाच सांगत होता, मी बहुधा त्याला खरेदीबरोबर आलेली भाची वाटले. मी मागचा सीट बेल्ट ओढला, पूर्ण, अगदी शेवटपर्यंत. रोजच्या वापरात बाहेर येणारा भाग स्वच्छ होता. जो कायम आत गुंडाळलेला असतो त्यावर मातकट पाण्याची रेघ. मग सीटच्या रुळाचे बोल्ट बघितले, गंजलेले. नऊ वर्षांच्या गाडीत वरून कधी पाणी न लागणारे बोल्ट का गंजावेत? स्टेपनी काढून खालचा कार्पेट उचलला तर कोपऱ्यात वाळलेला, चिकणमातीसारखा बारीक गाळ. "ताई, पावसात काच उघडी राहिली असेल," इति एजंट. आम्ही चहा न घेता निघालो.

पुराचं पाणी इतकं वाईट का? इंजिन एक वेळ उघडून साफ करता येतं. पण वायरिंगच्या शेकडो जोडांत गाळाचं पाणी शिरतं, तांब्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर चढतो आणि रेझिस्टन्स वाढतो. गाडी घेतल्यावर सहा महिने छान चालते, मग एक दिवस सेन्सर चुकीचं रीडिंग देतो, एक दिवस स्टार्टरच फिरत नाही. असा बिघड शोधणं म्हणजे मिस्त्रींचीही परीक्षा. तेव्हा नऊ वर्षांच्या गाडीत कोरा करकरीत कार्पेट, एअर फ्रेशनरचा भपका किंवा हेडलाइटच्या आत ओल दिसली तर जरा थांबावं. मालकाला घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं आणि जुनी जॉबकार्डं बघावीत, मालक यायला टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

गाडी बघायला सकाळी लवकर जावं, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावं की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटला हात लावावा. गरम लागलं तर समजा थंड इंजिनचं काहीतरी दुखणं लपवलं आहे. स्टार्ट करताना एकाने मागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. (थंडीत पहिली दोन मिनिटं निघते ती नुसती वाफ, तिला घाबरू नये.) ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

चालवताना रेडिओ बंद. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी स्पीडला, एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पळाली नाही तर क्लच स्लिप होतोय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. हॉस्टेलवर कुणाकडे तरी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर असतोच, तो मागून न्या. फॉल्ट कोड नसणं पुरेसं नाही. 'रेडीनेस मॉनिटर' अपूर्ण दिसले तर कुणीतरी आज सकाळीच कोड पुसले असण्याची शक्यता आहे. आणि एवढं करूनही आपल्या ओळखीच्या मिस्त्रींना पाचशे रुपये देऊन न्यावंच. मला जे कळायला अर्धा तास लागला ते आमच्या मिस्त्रींनी नुसतं आयडलिंग ऐकून सांगितलं. थर्ड इयरची अशी किंमत!

कागदपत्रं कंटाळवाणी, पण इथे आळस नको. आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. "ट्रान्सफर नंतर करू" हे वाक्य ऐकून घेऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, म्हणजे हा धोका विकणाऱ्यालाही आहे, त्याला तसं सांगावं. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा, नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो जुन्या मालकाबरोबर जातो.

शेवटचे पैसे देण्याआधी दुसरी किल्ली मागून घ्या. आणि फास्टॅग जुन्या मालकाला त्याच्या बँकेत बंद करायला सांगून आपला नवा घ्या, नाही तर टोलनाका आपण ओलांडायचा, पैसे त्याच्या खात्यातून जायचे आणि रात्री अकराला त्याचा फोन यायचा.