निळा टॅग, हिरवा टॅग

मृगाच्या तोंडावर जालन्याच्या दुकानात बियाण्याची पिशवी हातात घेतली की तिच्या टॅगवर दोनपैकी एक इंग्रजी शब्द सापडतो: ‘सर्टिफाइड’ किंवा ‘ट्रुथफुल’. मराठीत पहिल्याला प्रमाणित म्हणतात, दुसऱ्याला सत्यप्रत. दोन्ही शब्द खरेपणाचेच. फरक आहे तो हमी कोणाची, यात.

प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. या बियाण्याच्या प्लॉटची नोंदणी होते, उभ्या पिकात तपासणी होते, भेसळीची झाडे उपटून टाकावी लागतात आणि काढणीनंतर नमुना प्रयोगशाळेत जातो. महाराष्ट्रात हे काम अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा पाहते. म्हणजे ग्वाही तिसऱ्याची.

सत्यप्रत बियाण्याला हिरवट टॅग. इथे उगवणशक्ती आणि शुद्धता कंपनीच तपासते, स्वतःच्या जबाबदारीवर छापते. 1966 च्या बियाणे कायद्याने प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवले, लेबलावर खोटे लिहिण्याची मुभा मात्र कोणालाच दिली नाही. त्यामुळे ‘हिरवा टॅग म्हणजे दुय्यम माल’ हा समज चुकीचा, आणि ‘ट्रुथफुल’ म्हणजे सरकारने खरे ठरवलेले, हा तर त्याहून घातक.

जालन्यात हा फरक कळणे फार गरजेचे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला गेला. प्रमाणीकरण फक्त अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, वाणांचेच होते. खासगी कंपन्यांची संशोधित हायब्रीड बहुधा अधिसूचित नसतात. म्हणून कपाशीची पाकिटे सहसा सत्यप्रतच असतात, तर सोयाबीनमध्ये दोन्ही टॅग दिसतात.

टॅग कोणताही असो, सोयाबीनची परीक्षा घरी होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे. आठवड्याने उलगडून धडधाकट कोंब मोजायचे. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के ठरलेली आहे. कोंब सत्तरच्या आत आले तर पेरणी थांबवून दुकान गाठावे. पेरणी झालीच, तर पक्की पावती, टॅगसकट रिकामी पिशवी आणि मूठभर दाणे पीक घरात येईपर्यंत जपावेत. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे पहिली मागणी याच वस्तूंची होते.