नॉमिनी कोण आणि वारस कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जेऊर हे करमाळा तालुक्यातले रेल्वेचे गाव. एका अंगाला उजनीचे पाणी आणि त्यावर उभा राहिलेला ऊस, केळी. दुसऱ्या अंगाला पुण्याकडे जाणारी गाडी. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांची मिळकत दोन ठिकाणी विभागलेली असते. वडिलांच्या नावावर जमीन, सोसायटीचे पीककर्ज, ऊसबिल जमा होते ते बँकेतले खाते. थोरला मुलगा शेतात. धाकटा पिंपरी-चिंचवडला कंपनीत, त्याचा प्रॉव्हिडंट फंड, विमा, थोडी मुदत ठेव. मुलगी लग्न होऊन बार्शीला. अशा घरातला कमावता माणूस अचानक गेला, तर कशावर कोणाचा हक्क पोहोचतो, हे आज आपल्याला पाहायचे आहे. विषय अशुभ वाटेल. पण बँकेच्या काउंटरमागे बसून मी इतकी वर्षे जे पाहिले, त्यावरून सांगतो की भाऊ-भावजयीत वितुष्ट येते ते शेताच्या बांधाइतकेच या कागदांवरूनही येते.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की ठेवीवर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले, पैसे त्याचे. हा समज चुकीचा आहे. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस. बँकेने त्याला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती रक्कम मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, ज्याची त्याला जायची असते. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले होते.

याचे अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात टांगलेले आहे. 'कालनिर्णय' दिनदर्शिका १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी वारले. त्यांनी मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमले होते. कंपनी कायद्याप्रमाणे नॉमिनी हाच पूर्ण मालक होतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल आला १४ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे निधनानंतर दहा वर्षांनी : शेअर असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनी नेमल्याने वारसांचा हक्क जात नाही. मुहूर्त आणि तिथी घरोघर पोहोचवणाऱ्या, मृत्युपत्र करून ठेवलेल्या माणसाच्या घरातही हा प्रश्न उभा राहतो, तर आपली काय कथा!

आता आपल्या त्या धाकट्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, नोकरी लागली तेव्हा तो अविवाहित होता. बँकेत खाते उघडताना त्याने थोरल्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून दिले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, नाव तेच राहिले. आज त्याची ठेव १२ लाखांची आहे आणि दुर्दैवाने त्याचे काही बरेवाईट झाले. बँक १२ लाख भावाच्या हातात देईल, आणि नियमाने तेच बरोबर आहे. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस कोण? बायको, दोन मुले आणि आई. चौघांना प्रत्येकी ३ लाख. भावाला काही नाही. वडिलांनाही नाही, आई पहिल्या वर्गात आहे, वडील नाहीत, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. भाऊ सज्जन असेल तर तो पैसे वाटून देईल. नसेल तर दोन लहान मुले घेऊन त्या वहिनीने दिराविरुद्ध दावा लावायचा आणि करमाळ्याच्या कोर्टात तारखांना जायचे. हे टाळायला बँकेतला एक फॉर्म पुरे होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँक ठेवीवर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि कोणाला किती टक्के हेही लिहून देता येते. (जाता जाता : ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जादा व्याजाच्या मोहात हे विसरू नये.)

प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा निराळा. तिथे लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते. नवे करावे लागते, आणि कुटुंब असेल तर कुटुंबातल्याच व्यक्तीचे नाव द्यावे लागते. फंडाला जोडून मृत्यूनंतरचा विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांचा. तो आहे हे गावाकडच्या घरात बहुधा कोणाला ठाऊकच नसते. आयुर्विम्यात आणखी वेगळे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर लाभ त्यांचाच, असे कायद्यात आले. तरीही त्यावरून दावे झालेले आहेत. तेव्हा नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसरे, असे करूच नये.

मृत्युपत्राची आपण उगाच धास्ती घेतो. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्यांनीही सही करावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि एक साक्षीदार वयाने तरुण असावा. नोंदणी केलीच तर उत्तम. वडिलोपार्जित जमिनीत मात्र माणूस फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहू शकतो. त्या जमिनीत मुलींचाही वाटा असतो. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ साली आली, देशभर २००५ साली. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो असे सांगितले. बहिणीने हक्कसोड करून द्यायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे. दहाव्या-तेराव्याला पाहुण्यांच्या देखत तिच्यापुढे कागद सरकवणे मला तरी शोभत नाही.

जमिनीची वारस नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. अनेक घरांत आजोबांच्या नावाचा सातबारा नातवापर्यंत तसाच चालतो. मग पीककर्ज अडते, वाटणी अडते, विक्री अडते. २०२५ साली शासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राज्यभर काढावी लागली, ती याच मयत नावांसाठी. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. पण ती नसली की पुढचे काहीच हलत नाही. आणि कर्जही माणसाबरोबर जात नाही. मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत ते वारसांवर येते, आणि जामीनदार असेल तर त्याच्या दारीही वसुली जाते. म्हणून कोणाकोणाला जामीन राहिलो आहोत, हे घरात सांगून ठेवावे.

दिवाळीला मुले पुण्याहून येतात. तेव्हा एका दुपारी सगळ्यांनी बसून एका वहीत लिहून काढावे : खाती कुठे, ठेवींच्या पावत्या कुठे, पॉलिसी किती, देणे-येणे किती, प्रत्येकावर नॉमिनी कोण. फंडाचे नामनिर्देशन मोबाईलवरून होते. त्याला बायको-मुलांची आधार कार्डे आणि फोटो लागतात, तेव्हा ते तिथेच उरकून टाकावे. लिहिताना नावे अक्षरन् अक्षर जुळवून पाहावीत. सातबाऱ्यावर 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी' आणि पासबुकावर माहेरचे आडनाव, अशी एकच बाई तीन नावांनी माझ्या काउंटरवर कितीदा तरी आली आहे. त्या बाईला प्रतिज्ञापत्रासाठी पुन्हा तालुक्याला पाठवावे लागते.