लिनक्सचा गाभा आणि नवशिक्याचा पहिला प्रश्न

मलकापूरच्या बाजारपेठेत आज किराणा, कापड वा खतांचे असे दुकान विरळाच, जेथे गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा नाही. ग्राहक आपला मोबाईल त्यावर धरतो, क्षणात पैसे जमा होतात आणि व्यवहार पुरा होतो. त्या मोबाईलमध्ये बहुतेक वेळा अँड्रॉइड असते, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स नावाची एक आज्ञावली अहोरात्र राबत असते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र याच लिनक्सवर चालते. शाहूवाडी तालुक्यातील दुकानदाराचा मोबाईल आणि हवामानाचे भाकीत करणारा महासंगणक यांचा गाभा एकच आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

या गाभ्याला संगणकशास्त्रात कर्नल म्हणतात. व्यापारी कुटुंबांना तो समजावून सांगण्यासाठी जुन्या पेढीवरील मुनीमजींचा दाखला पुरेसा आहे. मालक गादीवर बसतो, गुमास्ते गिऱ्हाइकांशी बोलतात, हमाल माल उचलतात. परंतु गोदामाची किल्ली, रोकड आणि वही ही तिन्ही मुनीमजींच्या हाती. कोणाला किती माल द्यावा, कोणाला थांबवावे, दोघांनी एकाच वेळी एकच पोते मागितले तर काय करावे, हे तेच ठरवतात. संगणकात स्मृती, तबकडी, पडदा आणि तारा यांची वाटणी कर्नल अशीच करतो. तो चुकला तर एखादाच गुमास्ता अडत नाही; सारी पेढी बंद पडते.

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स नावाची शैक्षणिक प्रणाली वापरणाऱ्या मंडळींना कळविले की आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, तीत काय असावे याविषयी सूचना हव्या आहेत. आज लक्षावधी लोक ज्यावर विसंबतात, त्या कामाचा जाहीर आरंभ असा मदतीच्या विचारणेने झाला. सप्टेंबरमध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती आली तेव्हा त्या पावणेदोन लाखांच्या पुढे गेल्या होत्या. आज त्या काही कोटींत मोजाव्या लागतात. दर नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, प्रत्येक आवृत्तीला सुमारे दोन हजार प्रोग्रामरांचा हात लागतो आणि त्यांतील अडीचशे-तीनशे जण प्रथमच आलेले असतात. हे काम सर्वांना खुले आहे. मूळ आज्ञावली कोणीही पाहावी, बदलावी व वाटावी. बदललेली आज्ञावली वाटताना मात्र तीही त्याच अटींवर खुली ठेवावी, असा तिचा परवाना सांगतो.

आता या अडीचशे-तीनशे जणांत शाहूवाडीचा एखादा मुलगा वा मुलगी का असू नये, हा प्रश्न आहे.

समजा, अशा एका मुलाने वारणानगरला किंवा कोल्हापुरात अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. सी भाषा त्याला येते, घरी लॅपटॉप आहे, आणि वडिलांची इच्छा त्याने दुकानात बसावे अशी आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर तो कर्नलची मूळ आज्ञावली उतरवून घेतो. संपूर्ण इतिहासासह ती काही जीबी भरते. आषाढातल्या पावसात वीज जाते, नेटवर्क तुटते आणि उतरवणे अर्ध्यावर राहते. (केवळ अलीकडचा इतिहास घेण्याची सोय आहे, तिने बराच भार हलका होतो, पण नवशिक्याला ते कोणी सांगत नाही.) मग तो कर्नल बांधायला घेतो. साधारण लॅपटॉपवर सर्व सोयींसह बांधणी केली तर तासन् तास जातात. आपल्या यंत्राला लागतील तेवढेच भाग निवडले तर तेच काम पुष्कळ लवकर होते. शेवटी एक चूक येते, पडद्यावर न समजणाऱ्या ओळींचा पूर येतो, आणि तो जाणत्यांना लिहितो : ‘कर्नल शिकायचे आहे, सुरुवात कोठून करू? कृपया मदत करा.’

बहुधा उत्तर येत नाही. आले तर ‘दस्तऐवज वाचा’ एवढेच येते. मुलगा हिरमुसतो, आणि घरचे म्हणतात, सोड हा नाद.

येथे दोष कोणाचा? जाणत्यांना उद्धट म्हणणे सोपे आहे. परंतु एखाद्या अनोळखी माणसाने पेढीवर येऊन ‘मला धंदा शिकवा’ एवढेच म्हटले तर कोणता व्यापारी गादीवरून उठेल? तोच माणूस म्हणाला, ‘आपल्याकडील तुरीची आणि शेजारच्या गाळ्यातील तुरीची प्रत एकच दिसते, मग भावात फरक कशामुळे?’ तर त्याला पाटावर बसवून उत्तर मिळते. कर्नलच्या जगातही असेच आहे. कोणती आवृत्ती घेतली, कोणत्या यंत्रावर बांधली, कोणती आज्ञा दिली, चुकीचा मजकूर शब्दशः काय आला, त्याआधी स्वतः काय काय करून पाहिले आणि कोठे अडले, इतके लिहिले की प्रश्नाला वजन येते. पडद्याचे छायाचित्र पाठवू नये. मजकूर मजकुराच्याच रूपात द्यावा, कारण तो शोधता येतो आणि त्यावर ओळीखाली ओळ उत्तर देता येते. ईमेल साधा असावा, रंग व सजावट नसावी. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. जगभरचे लोक तेथे परक्या भाषेतच लिहीत असतात. वाक्ये छोटी ठेवावीत, आणि लिहिलेले पाठविण्यापूर्वी एकदा वाचावे, इतकेच.

प्रश्नापुढची पायरी म्हणजे स्वतः केलेला बदल पाठविणे. या बदलाला ‘पॅच’ म्हणतात. शब्दशः ते ठिगळ. पण येथे त्याचे स्वरूप जमाखर्चाच्या एका नोंदीसारखे असते. कोणत्या फाइलमधील कोणती ओळ काढली, कोणती घातली आणि का, हे त्यात येते. कर्नलच्या सोबतच दोन छोटे मदतनीस मिळतात. एक, बदल लेखननियमांप्रमाणे आहे का हे तपासतो. दुसरा, तो कोणाकडे पाठवावा हे सांगतो. प्रत्येक विभागाचा एक सांभाळणारा असतो. पॅच त्याच्याकडे जातो. तो मान्य झाला तर वरच्याकडे, असे करत टोरवाल्ड्सपर्यंत. बँकेत एकजण नोंद करतो आणि दुसरा तपासून मंजूर करतो, तशीच ही रीत आहे. फक्त येथे तपासणारे अनेक, आणि ते सर्व उघड्यावर तपासतात.

पॅचच्या खाली पाठविणाऱ्याचे नाव व ईमेल असलेली सहीची ओळ लागते. हा बदल आपल्या कामाचा आहे किंवा तो देण्याचा आपल्याला हक्क आहे, असे ती सही सांगते. ही पद्धत २००४ साली आली. आदल्या वर्षी एका कंपनीने लिनक्समध्ये आपली मालकीची आज्ञावली घुसल्याचा दावा न्यायालयात नेला होता, त्यातून हे शहाणपण आले. आणि कोणत्या ओळीत कोणी, केव्हा बदल केला याचा संपूर्ण इतिहास ‘गिट’ नावाच्या साधनात राहतो. तेही टोरवाल्ड्सनेच एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. चूक झाली तर जुनी नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद घालतात. वहीखाते जाणणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

विश्वास हे येथील खरे भांडवल आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, असे पॅच पकडले जातात का हे पाहण्यासाठी, जाणूनबुजून सदोष पॅच पाठविल्याचे प्रकरण गाजले. तेव्हा ज्येष्ठ सांभाळकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणेच थांबविले आणि आधीच्या शेकडो बदलांची फेरतपासणी करावी लागली. एका खोट्या हुंडीने साऱ्या गावाची पत जावी, तसे झाले.

महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे, आणि त्यातील एक प्रकरण नवशिक्याने मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. कर्नल चालू असतानाच त्याला मध्येच थांबवून आत डोकावता यावे, यासाठी ‘केजीडीबी’ नावाचे साधन आहे. दोन संगणक तारेने जोडायचे. एकावर कर्नल चालतो, दुसऱ्यावरून त्याची एकेक पायरी तपासता येते. या साधनाची मूळ कल्पना इतरांची. परंतु २००० नंतरच्या वर्षांत ते नेटाने पुढे नेणाऱ्यांत अमित काळे हे प्रमुख होते. आरंभी त्यामागे व्हेरिटास ही कंपनी होती, पुढे पुण्याची लिनसिससॉफ्ट.

अडचण अशी की, खुद्द टोरवाल्ड्सना असले साधन कर्नलमध्ये नको होते. त्यांनी २००० सालीच आपले मत स्पष्ट केले होते. अशा साधनाच्या आधाराने लोक रोगाऐवजी लक्षणांवर औषध करतात. आज्ञावली नीट वाचून, विचार करून चूक शोधणाराच हवा, असा त्यांचा आग्रह. या मताशी वाद घालता येईल. स्वतः घर बांधणाऱ्याला भिंतीत काय आहे हे ठाऊक असते. नव्याने राहायला आलेल्याला दिवा लागतोच. परंतु तो वाद शब्दांनी मिटला नाही. कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर केजीडीबीचे पॅच बाहेरच्या बाहेर जुळवून घ्यावे लागत, आणि ते काम वर्षानुवर्षे चालू राहिले. टॉम रिनी, जेसन वेसेल असे इतर देशांतील लोक त्यात आले. २००८ च्या आरंभी इंगो मोल्नार यांनी बरेच छाटून सुटसुटीत केलेले रूप पुढे आणले, आणि अखेर १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी कर्नलचा भाग झाले. आजही त्या फाइलच्या माथ्यावर इतरांच्या नावांबरोबर अमित एस. काळे हे नाव आणि पुण्याच्या कंपनीचे नाव वाचायला मिळते. एका नकाराला उत्तर मिळण्यास आठ वर्षे लागली, आणि उत्तर देताना काम करणारे हातही बदलले. दोन दिवसांत उत्तर आले नाही म्हणून खचणाऱ्या मुलाला ही तारीख दाखवावी.

अर्थात प्रत्येकाला आठ वर्षे थांबावे लागत नाही. छोट्या पॅचला काही दिवसांत उत्तर येऊ शकते. न आल्यास किमान आठवडाभर थांबून मगच पुन्हा पाठवावे, असे कर्नलचेच दस्तऐवज सांगतात. नवी आवृत्ती निघाल्यावरचे पहिले दोन आठवडे मोठे बदल सामावून घेण्याचे असतात. त्या काळात सांभाळकर्त्यांना मान वर करायला उसंत नसते. दिवाळीच्या आठवड्यात कापडवाल्याकडे उधारीचा हिशेब मागायला जाऊ नये, तसेच हे.

उत्तर आले तरी ते गोड असेलच असे नाही. कर्नलच्या जगाची बोली दीर्घकाळ कठोर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली, काही काळ ते कामातून बाजूला झाले आणि आचारसंहिता स्वीकारली गेली. तेव्हापासून बोलण्यात फरक पडला आहे. तरीही ‘हा बदल चुकीचा आहे, कारण अमुक’ असे कोरडे उत्तर येणारच, आणि नवशिक्याने त्यातील ‘कारण’ या शब्दापुढचे वाचावे.

पहिले काम कोणते घ्यावे? अपरिपक्व चालकप्रणाली ठेवण्याचा ‘स्टेजिंग’ नावाचा एक विभाग २००८ पासून कर्नलमध्ये आहे. तेथे मोकळ्या जागा, नावे, लेखनपद्धती सुधारण्याची बारीक कामे पुष्कळ असतात. एकदोन पॅच तेथे देऊन रीत शिकावी, हे ठीक. वर्षभर तेवढेच करत राहणे म्हणजे दुकानाचा फक्त उंबरठा झाडण्यासारखे आहे. त्यानंतर प्रत्यक्ष चुकांकडे वळावे. ‘सिझबॉट’ नावाची स्वयंचलित व्यवस्था कर्नलमधील चुका शोधून, त्या पुन्हा कशा घडवाव्यात यासह उघडपणे मांडते. त्यांतील अनेक चुका कोणीतरी हात लावण्याची वाट पाहत पडून असतात.

मार्गदर्शनाची सोयही आता पूर्वीइतकी दुर्मीळ नाही. लिनक्स फाउंडेशनने नवशिक्यांसाठी विनामूल्य अभ्यासक्रम ठेवला आहे आणि २०१९ पासून शुआ खान यांच्या पुढाकाराने कर्नल मार्गदर्शन योजना चालते. ती घरबसल्या करता येते. मुलींसाठी आणि या क्षेत्रात संख्येने कमी असलेल्या इतरांसाठी ‘आउटरीची’ ही विद्यावेतनासह योजना असून कर्नल तीत २०१३ पासून आहे. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम लिनक्स आणि सी भाषेचे प्राथमिक धडे मराठीतून ऐकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने तेथून आरंभ केल्यास पुढचे इंग्रजी दस्तऐवज पचायला सोपे जातात. आणि समोरासमोर बसून विचारायचे असेल तर सांगलीला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे लिनक्स मंडळ आहे. हे महाविद्यालय १९४७ चे, आणि त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आहे. मलकापूरहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, तेथून सांगली तितकेच. पावसाळ्यात घाटाकडून येणाऱ्या वाहनांची गर्दी धरूनही सकाळी निघून रात्री घरी परतता येते.

राहिला घरच्यांचा प्रश्न : यात मिळते काय? कर्नलमधील बहुतांश काम आज इंटेल, रेड हॅट, गुगल, एएमडी यांसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. कंपन्या अशा माणसांच्या शोधात असतात आणि शोध घेताना त्या गुणपत्रिकेआधी नोंदी पाहतात. त्या नोंदी उघड्या असतात, खोट्या करता येत नाहीत. मात्र पहिले वर्ष-दीड वर्ष उत्पन्नाचे नाही, हे बापलेकांनी आधीच बोलून घ्यावे. मुलगा दिवसा दुकानात बसून रात्री दोन तास हे करणार असेल तर घराला तोशीस नाही. नोकरी सोडून करणार असेल तर किती महिने, हे आकड्यात ठरवावे. मोघम ठेवलेल्या भागीदारीत वाद होतात आणि घरातही तसेच होते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी जरूर पाहावी. स्वतः बांधलेला कर्नल दुकानाच्या बिलाच्या संगणकावर कधीही चालवू देऊ नये. अर्धवट कर्नलने तबकडीवरील मजकूर बिघडू शकतो, आणि जीएसटीची विवरणे भरण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही. ‘क्यूईएमयू’सारखे विनामूल्य साधन संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करते, तो कितीही वेळा कोसळला तरी बाहेरच्या कामाला धक्का लागत नाही. तेही नको असेल तर एखादा जुना, वापरातून गेलेला संगणक माळ्यावरून काढून द्यावा. लिनक्स त्यावर बहुधा चालते.