हवा आणि वारा : ग्लायडरमधील एक अनुमान

ग्लायडर या इंजिनविरहित विमानाच्या वैमानिकाला एकसमान वाहणारा वारा जाणवत नाही. त्याच्या वेगदर्शकाला कळते ती केवळ विमानाला सामोरी येणारी हवा. ती हवाच सगळ्या विमानाला घेऊन कोठे सरकते आहे, याचा पत्ता आत बसून लागत नाही. मराठीने ‘हवा’ आणि ‘वारा’ असे दोन शब्द वेगळे राखले आहेत, ते येथे नेमके उपयोगी पडतात. यंत्राला हवा कळते. वारा अनुमानाने सिद्ध करावा लागतो.

हे अनुमान आज एक्ससीसोअरसारखी, सर्वांना खुली असलेली संगणकप्रणाली करते. वर चढणाऱ्या उष्ण प्रवाहात ग्लायडर घिरट्या घालू लागला की हवेतील त्याचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. परंतु उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेला जमिनीसापेक्ष वेग प्रत्येक घिरटीत एकदा वाढतो व एकदा घटतो. तो ताशी ११० आणि ७० किलोमीटर यांच्या दरम्यान हेलकावत असेल, तर फरकाचे निम्मे, म्हणजे ताशी २० किलोमीटर, हा वाऱ्याचा वेग होय. आणि ज्या दिशेने जाताना विमानाचा वेग सर्वाधिक, त्या दिशेने वारा वाहतो. (नाव मात्र तो येतो त्या दिशेचे दिले जाते. ‘मलयानिल’ म्हणणाऱ्या कवींचा आणि वैमानिकांचा संकेत येथे एकच आहे.) सरळ उड्डाणात ही सोय नसते, तेथे मार्गातील लहानमोठी वळणे आणि हवेतील वेगाचे मापन यांवरून, रुडॉल्फ कालमान यांनी १९६० साली मांडलेल्या गणिती पद्धतीच्या आधारे, अंदाज क्षणोक्षणी सुधारला जातो.

हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. एक मीटर उतरताना चाळीस मीटर पुढे जाणारा ग्लायडर ताशी १०० किलोमीटर वेगाने निघाला, तर हजार मीटर उंचीवरून शांत हवेत ४० किलोमीटर जातो. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल, तर तीसच. उरलेल्या दहा किलोमीटरांचा अर्थ, धावपट्टीऐवजी कोणाचे तरी शेत.

आणि अनुमान चुकते. प्रवाहाचा गाभा शोधण्यासाठी वैमानिक आपले वर्तुळ सरकवतो, त्यानेही प्रणालीचा अंदाज बिघडू शकतो. शिवाय दोन हजार मीटरांवरचा वारा पाचशे मीटरांवर तोच असेल असे नाही. म्हणून जाणता वैमानिक खाली धुराकडे आणि तलावांकडे पाहतो, ज्या काठालगत पाणी निस्तरंग असते त्या बाजूने वारा येत आहे असे ओळखतो, आणि पडद्यावरचा आकडा हाताने बदलतो.