आलेखाची आज्ञा: युनिक्सवरची विनामूल्य साधने

युनिक्स संगणकांवर आलेख काढणारी विनामूल्य सॉफ्टवेअर एक्सेलसारख्या कार्यक्रमांहून वेगळ्या घडणीची आहेत. एक्सेलमध्ये आकडे, सूत्रे आणि चित्र एकाच फाइलीत गुंतलेले असतात. युनिक्सच्या रीतीत आकड्यांची फाइल वेगळी, आज्ञांची वेगळी आणि त्या दोहोंतून निघणारे चित्र तिसरे. पहिल्या दोन फाइली म्हणजे साधा मजकूर. त्या कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात आणि वीस वर्षांनीही वाचता येतात. चित्र हरवले तरी बिघडत नाही. आज्ञा पुन्हा चालवली की ते परत मिळते. शिवाय आलेख कसा काढला, कोणते आकडे घेतले आणि कोणते गाळले, हे आज्ञांच्या फाइलीत उघड लिहिलेले असते. संशोधकांना या साधनांची गोडी लागली ती फुकटेपणाइतकीच या उघडेपणामुळेही.

ही साधने रुजली ती 1980 च्या दशकात. सन, एचपी, सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांची वर्कस्टेशन प्रयोगशाळांत येऊ लागली होती. त्याआधी प्रत्येक प्लॉटरची आणि पडद्याची आज्ञाभाषा निराळी असायची, आणि यंत्र बदलले की कार्यक्रमही बदलावा लागे. 1984 साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत एक्स विंडो प्रणालीचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. पडद्यासाठी एक्स आणि कागदासाठी पोस्टस्क्रिप्ट, असे दोन समान पाये मिळाल्यावर आलेखाचे सॉफ्टवेअर एकदा लिहून अनेक यंत्रांवर चालवणे सोपे झाले.

या घराण्यातले सर्वांत परिचित नाव ग्नूप्लॉट. टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते 1986 साली लिहिले. नावात ग्नू असले तरी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून ते निघालेले नाही. त्याची चाल समजून घ्यायला एखादा गावातला प्रश्न हाताशी घेणे बरे.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातले शिरगाव लईराई देवीच्या जत्रेसाठी जितके प्रसिद्ध, तितकेच लोहखनिजाच्या खाणींसाठी. उघड्या खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी पाझरते. ते पंपाने उपसून टाकावे लागते, आणि त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरू शकते. गोव्यातले खाणकाम सप्टेंबर 2012 मध्ये थांबले, काही काळाने पुन्हा सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडले. उपसा थांबला तेव्हा विहिरी सावरल्या का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधताना पहिली पायरी आलेखाचीच.

समजा, एका विहिरीची पातळी दर आठवड्याला मोजून फाइलीत लिहिली: पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये, तिसऱ्यात आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये. पहिला रकाना तारखांचा आहे हे ग्नूप्लॉटला एका ओळीत सांगावे लागते आणि तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे हे दुसऱ्या ओळीत. मग मुख्य आज्ञा येते: प्लॉट, फाइलीचे नाव, युजिंग 1:2, विथ लाइन्स. म्हणजे पहिला रकाना आडवा, दुसरा उभा, आणि बिंदू रेषेने जोडायचे.

एवढ्यावर निघालेला आलेख उलटा दिसतो. पाणी खोल गेले की आकडा वाढतो, म्हणून ऐन मे महिन्यात रेषा वर चढते आणि पावसाळ्यात खाली येते. आकडे बदलायची गरज नाही. उभ्या अक्षाची मर्यादा 0 ते 15 ऐवजी 15 ते 0 अशी लिहिली की अक्ष पालथा होतो आणि पाणी चढले की रेषाही चढते. पाऊस त्याच चित्रात हवा असेल तर त्याला उजवीकडचा दुसरा अक्ष देऊन खोक्यांच्या रूपात दाखवता येतो. खाणी बंद पडल्याच्या दोन तारखांवर टोक नसलेल्या बाणांनी उभ्या रेषा मारल्या, की उपसा, पाऊस आणि पातळी एका नजरेत येतात.

खरी गंमत रिकाम्या ओळीत आहे. चार महिने मोजणी झालीच नाही आणि फाइलीत तेवढ्या नोंदी नुसत्याच गाळल्या, तर ग्नूप्लॉट आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडून टाकते. पाहणाऱ्याला वाटते, पातळी मधल्या काळात संथ चढत गेली. त्या जागी एक रिकामी ओळ सोडली की रेषा तुटते आणि खंड खंडासारखाच दिसतो. जे मोजलेच नाही ते चित्रात येऊ नये, ही शिस्त ग्नूप्लॉट पाळते, पण सांगितल्यावरच.

आकड्यांवर सूत्र बसवण्याची सोयही त्यात आहे. फिट ही आज्ञा लघुतम वर्गांच्या पद्धतीने रेषा किंवा वक्र शोधून देते. मात्र मे महिन्यात सुरू होऊन ऑक्टोबरात संपणाऱ्या नोंदींवर सरळ रेषा बसवली तर कोंकणपट्टीतली बहुतेक कोणतीही विहीर सुधारताना दिसेल. गणिताला पावसाळा कळत नाही. तो मांडणाऱ्याने लक्षात घ्यायचा असतो.

चित्र कुठे काढायचे, याला ग्नूप्लॉटमध्ये टर्मिनल म्हणतात. पडद्यावरची खिडकी, पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ, पीएनजी असे डझनावारी पर्याय आहेत. त्यातला डम्ब नावाचा पर्याय निव्वळ अक्षरे आणि चिन्हे जोडून आलेख उभा करतो. दिसायला तो ओबडधोबड, पण दूरच्या संगणकावर मंद जोडणीतून काम करताना मोठा उपयोगी.

मराठी वाचकासाठी टर्मिनलची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरे ठेवून लिहिता येत नाही. शिरगाव या शब्दात संगणकाच्या स्मृतीत आधी श आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते. पडद्यावर मात्र ती वेलांटी श च्या आधी यावी लागते. पर्जन्यमान लिहायचे तर रफार आणि जोडाक्षर दोन्ही जमले पाहिजेत. ग्नूप्लॉटची कैरो जातीची पीएनजी आणि पीडीएफ टर्मिनले हे काम पँगो नावाच्या अक्षरजुळणीच्या संग्रहाकडे सोपवतात, त्यामुळे यंत्रावर देवनागरी फाँट असला की अक्षांची नावे नीट उमटतात. जुन्या पोस्टस्क्रिप्ट टर्मिनलमध्ये हे जमत नाही. पायथॉन भाषेतल्या, आज अतिशय लोकप्रिय असलेल्या मॅटप्लॉटलिब या आलेखसंग्रहामध्येही अनेक वर्षे वेलांट्या भलत्या जागी पडत आल्या आहेत.

ज्यांना आज्ञा लिहिण्यापेक्षा माउसने काम करणे आवडते, त्यांच्यासाठी ग्रेस आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये पॉल टर्नर यांनी आधी एक्सव्हीजीआर आणि मग एक्सएमजीआर हे कार्यक्रम लिहिले. 1998 च्या सुमारास ते काम इतरांच्या हाती आले आणि ग्रेस या नावाने पुढे चालू राहिले. अक्षावर दोनदा क्लिक केले की अक्षाची, रेषेवर केले की रेषेची खिडकी उघडते. शोधनिबंधात छापण्याजोगी द्विमितीय आकृती देण्यात ते तरबेज; त्रिमितीच्या वाटेला ते जात नाही. युनिकोडशी मात्र त्याचे कधीच जमले नाही, म्हणून देवनागरीसाठी ते निरुपयोगी.

समुद्राच्या अभ्यासात साध्या रेषेवर भागत नाही. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांतील आभारांच्या ओळींत फेरेट आणि जीएमटी ही दोन नावे आढळतात. दोन्ही विनामूल्य आणि दोन्ही युनिक्सवर वाढलेली. फेरेट अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या सिॲटल येथील प्रयोगशाळेत तयार झाले. अक्षांश, रेखांश, खोली आणि काळ अशा चार मितींत पसरलेली माहिती एका आज्ञेत हव्या तशा छेदाने दाखवणे, हे त्याचे बलस्थान. आज्ञेची वाट पाहताना ते पडद्यावर येस आणि प्रश्नचिन्ह लिहून थांबते, जणू विचारते, बोला, काय हवे?

जीएमटी म्हणजे नकाशांची आज्ञावली. पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या लमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत विद्यार्थिदशेत, 1988 च्या सुमारास, ती लिहायला घेतली. तिच्यात एक मोठा कार्यक्रम नसून अनेक छोट्या आज्ञा आहेत: एक किनारा काढते, दुसरी बिंदू मांडते, तिसरी समपातळी रेषा. आर या खुणेपुढे 73.6/74.4/14.8/15.9 असे चार आकडे लिहिले की नकाशाची चौकट गोव्याभोवती बसते.

समुद्रातली मोजमापे अधूनमधून आणि मोजक्या खोलींवरच घेतलेली असतात. कांदोळीजवळच्या समुद्रात सुमारे 26 मीटर खोलीच्या एका ठिकाणी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेतले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हायड्रोजन सल्फाइडही आढळतो, हे त्यातून दिसले. अशी माहिती आडव्या अक्षावर महिने आणि उभ्यावर खोली घेऊन रंगांत दाखवतात. त्यासाठी विखुरलेल्या बिंदूंवरून अखंड पृष्ठभाग बसवावा लागतो, आणि जीएमटीची सरफेस ही आज्ञा ते करते. वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की दोन नमुन्यांमधला रंग हा मोजलेला नसून गणिताने अंदाजलेला असतो. चित्र जितके गुळगुळीत, तितका हा अंदाज डोळ्यांआड जातो. म्हणून जाणकार त्याच चित्रावर नमुन्यांच्या जागी काळे ठिपके देतात.

जीएमटी वापरताना भारतीय लेखकाला एक खबरदारी घ्यावी लागते. तिच्यासोबत येणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नाहीत, आणि भारतात चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणे 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. नुसता किनारा काढून सीमा गाळणे, किंवा अधिकृत सीमेची फाइल वेगळी जोडणे, हे दोन मार्ग आहेत.

परवान्यांच्या बाबतीत ही साधने एकसारखी नाहीत. ग्रेस ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आहे आणि जीएमटी त्याच परवान्याच्या सौम्य रूपाखाली. ग्नूप्लॉटचा परवाना स्वतःचा: ते वापरायला आणि वाटायला मोकळीक आहे, पण बदललेला मूळ मजकूर सबंध वाटता येत नाही, बदल तेवढे वेगळ्या पुरवणी फाइलीत द्यावे लागतात.

वर्कस्टेशन आता मागे पडली. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणल्यानंतर तेच काम स्वस्त पीसीवर होऊ लागले. जॉन हंटर यांनी 2003 मध्ये आणलेल्या मॅटप्लॉटलिबने पायथॉन शिकणाऱ्या पिढीला आपल्याकडे ओढले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात पायथॉन आणि सायलॅबचे पाठ मराठी आवाजातही मिळतात, त्यामुळे नवशिक्याने तिथून सुरुवात करणे सोयीचे. ग्नूप्लॉटची सहावी आवृत्ती 2023 च्या अखेरीस आली; उबुंटू किंवा डेबियन असलेल्या कोणत्याही संगणकावर ग्नूप्लॉट, ग्रेस आणि जीएमटी सॉफ्टवेअरच्या भांडारातून थेट बसवता येतात.