प्रश्न विचारणारे मूल हीच वर्गाची शोभा

मुलाचे नाव शाळेत घातले की आपले काम संपले, असे मानणारे आईबाप आपल्या वस्त्यांत अजूनही आहेत. त्यांना दोष देऊन भागणार नाही. बाप रबाळे-महापेच्या कारखान्यात पाळीवर, नाहीतर वाशीच्या बाजारात माथाडी. आई चार घरची धुणीभांडी करणारी. दप्तर उघडून पाहायला सवड कुठली? पण सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षे अशी आहेत की, घर आणि शाळा एकमेकांशी बोलली नाहीत तर मूल दोघांच्याही हातून निसटते. म्हणूनच या वर्गांवर शिकवणारा चांगला शिक्षक मुलांकडून काय अपेक्षा ठेवतो, हे पालकांनीही जाणून घेतले पाहिजे.

पहिली अपेक्षा, मुलाने विचारावे. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातील मुलगी. वय सुमारे चौदा, म्हणजे आजच्या आठवी-नववीतली. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचायची बंदी, त्यांचा धर्म तरी कोणता, असा जाब तिने त्यात विचारला. पाठांतर करून असे लिहिता येत नाही. तिला विचार करू देणारे शिक्षक लाभले, म्हणून ती हे लिहू शकली. आपले मूल ‘असे का?’ म्हणते तेव्हा ‘गप्प बस, लई शहाणा झालास’ असे म्हणून आपण मात्र त्याचे तोंड बंद करतो.

दुसरी अपेक्षा, वर्गात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. पण त्या शालेय दिवसांत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसेल तर पाणीही नाही. हा इतिहास ज्याला कळला, तो शिक्षक हुशार मुले पुढे आणि ‘ढ’ मुले मागे अशी कायमची बसवत नाही. बाक बदलत राहतो. झाडू मुलीच्याच हाती आणि मॉनिटरकी मुलाकडेच, असे तो होऊ देत नाही. कामे सर्वांना पाळीपाळीने देतो.

तिसरी अपेक्षा शिस्तीची, पण भीतीची नव्हे. ‘गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं’ असे सांगणारे पालक अजून भेटतात. पालकहो, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. मार खाणारे मूल अभ्यास शिकत नाही, लपवायला शिकते. शिस्त म्हणजे वेळेवर येणे, दिलेले काम पुरे करणे, दुसरा बोलत असताना ऐकणे आणि चूक झाली तर ती दुरुस्त करणे.

चौथी अपेक्षा, स्वतःच्या शब्दांत लिहिणे. गाईड समोर ठेवून उतरवलेल्या सुंदर अक्षरातल्या दहा ओळींपेक्षा मुलाने मोडक्यातोडक्या भाषेत स्वतः लिहिलेल्या चार ओळी मोलाच्या. ‘आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही’ या भरवशावर आता राहू नका. २०१९ साली कायद्यात बदल झाला, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम केला. नापास झाल्यास फेरपरीक्षा मिळते, पण तीतही मूल मागे पडले तर त्याच वर्गात राहावे लागते. आठवीत नाउमेद झालेले पोर नाक्यावर कामाला जायला किती वेळ लागतो?

मग घराने काय करावे? सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवले आहे. गावची जत्रा, लग्नकार्य, धाकट्या भावंडाला सांभाळणे यासाठी, विशेषतः मुलीची, शाळा बुडवू नका. रात्री जेवताना ‘किती मार्क पडले?’ याऐवजी ‘आज वर्गात काय विचारलेस?’ असे विचारा. स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी हे विचारता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदाच आहे. तेथे आपल्या आयाबहिणींनी बसावे, बोलावे. सरकारी, अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत मूल आठवीला असेल आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या एनएमएमएस परीक्षेबद्दल वर्गशिक्षकांकडे चौकशी करा. निवड झालेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. सातवीचे गुण त्यासाठी पाहिले जातात, म्हणून तयारी आधीपासून हवी.

शिक्षकाने मुलावर विश्वास ठेवावा आणि आईबापाने शिक्षकाला वर्षातून एकदा नव्हे, महिन्यातून एकदा भेटावे. येत्या पालकसभेला एक खाडा पडला तरी चालेल, पण जा, आणि मुलालाही बरोबर न्या.