फोटोवरून चित्र की समोर बघून?

लोणी काळभोरसारख्या गावात कितीतरी घरांच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांची रंगविलेली तसबीर असते. पुष्कळदा ती एखाद्या जुन्या, लहानशा फोटोवरून केलेली असते. माणूसच उरला नाही, तिथे चित्रकाराने दुसरे करावे तरी काय? तेव्हा फोटोवरून चित्र काढणे हे काही पाप नव्हे. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) माणसे समोर बसवीत, तसा छायाचित्रांचाही आधार घेत. मग एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत वस्तू समोर मांडून चित्र का काढवून घेतात?

उत्तर कॅमेऱ्याच्या डोळ्यात आहे. आपल्याला डोळे दोन. त्यामुळे गोलाई आणि अंतर कळते. फोटो एका भिंगातून निघतो, सारे सपाट होते. भर उन्हात गोठ्याकडे पाहा. अंगणही दिसते, आतली गव्हाणही दिसते. फोटोत बहुधा ऊन पांढरेफटक होते, नाहीतर सावली काळीठिक्कर. मोबाईल तोंडाजवळ धरला, तर नाक मोठे होते. मुलाने ते तसेच उतरविले, तर चूक कॅमेऱ्याची आणि गुण जातात मुलाचे!

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२-१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र आज म्हैसूरला आहे. एका हातात दिवा, ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीलाच दिवा घेऊन तासन्‌तास उभे केले आणि ते रंगविले. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ती लाली आली असती काय?

समोर बघून काढणे कष्टाचे खरे. ऊन सरकते, बसलेला माणूस अवघडतो, शेळी तर पळूनच जाते! पण त्यामुळेच महत्त्वाचे कोणते हे डोळा लवकर निवडू लागतो.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. मुलांना रामदऱ्याला न्यावे. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने देवळाची उंची-रुंदी मापायला लावावी. अर्धा तास चित्र काढू द्यावे. मग त्याच जागेवरून फोटो घ्यावा, आणि वर्गात दोन्ही शेजारी ठेवून विचारावे: पाण्यातल्या सावलीचा रंग कुठे नीट उतरला? झाडांची मापे कुठे बरोबर आली? मापाला फोटो उपयोगी पडेल. रंगाला बहुधा मुलाचा डोळाच.

ज्याने दहा जिवंत चेहरे काढले, त्याला अकरावा फोटोवरून काढताना काय हरवले आहे ते उमगते. म्हणून घरात आजी असेल, तर तिला आजच ओसरीवर बसवा आणि पोराच्या हाती कागद द्या. फोटोवरून काढायची वेळ पुढे येणारच आहे.